‘ङ’ बोलणारी बेटं

विमानतळ नाही, बंदर नाही, एटीएम नाही. पण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक इथलं शेंबडं पोरही सांगेल. पॅसिफिक महासागरातल्या टोकेलाऊची आणि तिथल्या इवल्याशा भाषेची ही सफर.

क, ख, ग, घ... आणि मग? शाळेच्या तक्त्यावरचा तो टिंबवाला ‘ङ’ आठवतोय? गणपती, घर, खटारा सगळ्यांची चित्रं असायची, याच्या चौकोनात मात्र काहीच नाही. ‘वाङ्मय’ सोडलं तर पुढच्या आयुष्यात तो कुठे भेटलाही नाही. ‘ङ’ने सुरू होणारा एक शब्द सांगा म्हटलं तर भल्याभल्यांची दांडी गुल!

टोकेलाऊमध्ये हा प्रश्न कुणालाही विचारा, लगेच उत्तर मिळेल. तिथे भाषेलाच मुळी ‘ङाङाना’ म्हणतात. लिहिताना रोमन लिपीतलं एकटं ‘जी’ लिहायचं आणि तोंडाने म्हणायचं ‘ङ’. मुळाक्षरं सगळी मिळून फक्त १५. त्यातही गंमत अशी की ‘एफ’ लिहितात, पण ऐकू येतो फुंकर मारल्यासारखा ‘ह्व’. त्यामुळे नकाशावरचं ‘फाकाओफो’ स्थानिकांच्या तोंडी ‘ह्वाकाओह्वो’च्या जवळपास जातं. पहिल्या दिवशी माझे उच्चार ऐकून पोरं खो खो हसली होती. ‘ङ’ मात्र मी असा काही ठणकावून म्हटला की एका आजोबांनी मान डोलावली. मराठी शाळेचा विजय असो!

पण हे टोकेलाऊ आहे तरी कुठे?

महाराष्ट्राएवढं पाणी, मूठभर जमीन

न्यूझीलंडच्या वर, सामोआच्या उत्तरेला साधारण ५०० किलोमीटरवर तीन प्रवाळबेटं आहेत : अताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो. प्रत्येक बेट म्हणजे मधल्या निळ्याशार खाजणाभोवती छोट्या छोट्या तुकड्यांची माळ. तिन्हींची मिळून जमीन जेमतेम दहा-बारा चौरस किलोमीटर. सगळ्यात उंच जागा समुद्रापासून पाचेक मीटर, म्हणजे आपल्याकडच्या दुमजली घराहूनही कमी. वस्ती दीड हजारांच्या आसपास. हिंजवडीतल्या एखाद्या बिल्डिंगमधून शिफ्ट सुटताना याहून जास्त माणसं बाहेर पडत असतील.

आता दुसरी बाजू बघा. या तीन बेटांच्या हक्काचा समुद्र आहे सुमारे ३ लाख १९ हजार चौरस किलोमीटर. अख्ख्या महाराष्ट्राहून थोडा मोठाच. त्यात ट्यूना पकडायला येणाऱ्या परदेशी बोटींकडून मिळणारी परवाना फी ही इथली मोठी कमाई. हा देश न्यूझीलंडच्या अखत्यारीत येतो, लोक न्यूझीलंडचे नागरिक आहेत आणि चलनही तिथलंच. राजधानी मात्र नाही. तीन बेटांचे तीन प्रमुख, आणि दरवर्षी त्यांच्यातला एक पाळीपाळीने सगळ्यांचा प्रमुख होतो. त्याचं बेट ती त्या वर्षापुरती राजधानी. खुर्चीसाठी मारामाऱ्या बघत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना हे जरा पचायला जडच!

तुमच्यापैकी काहींनी टोकेलाऊ नकळत पाहिलेलंही असेल. कॉलेज फेस्टची नाहीतर मित्राच्या बँडची फुकटातली वेबसाइट, जिच्या शेवटी ‘डॉट टीके’ असायचं? ते ‘टीके’ म्हणजे टोकेलाऊ. एका डच उद्योजकाशी झालेल्या करारानंतर ही नावं जगभर फुकट वाटली गेली आणि एके काळी जगात सगळ्यात जास्त वेबसाइट ज्या देशाच्या नावावर होत्या, तो देश हा! फुकटच्या मालावर फसवणूकवाल्यांच्याही उड्या पडल्या. अखेर २०२३ मध्ये कोर्टकचेरीनंतर नव्या नोंदणीला टाळं लागलं. आणि विरोधाभास बघा, खुद्द बेटांवर समुद्राखालची इंटरनेट केबल पोहोचली ती २०२२ मध्ये.

बोट, चटई आणि उलटीची पिशवी

इथे विमान उतरत नाही. सामोआची राजधानी आपिया गाठायची, तिथल्या टोकेलाऊच्या कचेरीतून परवानगी काढायची आणि बोटीची वाट बघायची. पॅसिफिकवर एक लेखमाला करायचं काम हातात होतं म्हणून मी गेल्या ऑक्टोबरात गेले. एक दिवस आणि एक रात्र, लाटांचा मूड खराब असेल तर त्याहून जास्त. डेकवर चटया अंथरून माणसं ओळीने आडवी, मध्ये तांदळाची पोती, डायपरचे खोके, कुणाचा तरी नवा कोरा वॉशिंग मशीन. गणपतीत कोकणात जाणारी एसटी डोळ्यांपुढे आणा आणि तिला समुद्रात सोडा. बास, तेच.

पहिला थांबा फाकाओफो. बंदर नसल्यामुळे बोट प्रवाळाच्या कड्याबाहेरच थांबते. मग छोट्या होडीत उडी मारायची आणि कड्यात फोडलेल्या अरुंद वाटेतून, लाट मागून ढकलत असताना, आत शिरायचं. किनाऱ्यावर घरं इतकी दाटीवाटीने की गिरगावातल्या चाळीची आठवण व्हावी. आणि डुकरं! ओहोटी लागली की ती आरामात प्रवाळावर उतरतात आणि पाण्यातलं खाणं हुडकत फिरतात.

मी मुक्काम केला नुकुनोनूला, पुढची बोट येईपर्यंत. एक निवृत्त शिक्षिका माझ्या यजमीण. घरात सोलरचे दिवे, कारण २०१२ मध्ये तिन्ही बेटांनी मिळून चार हजारांवर सौर पॅनेल बसवले आणि जवळपास सगळी वीज सूर्यापासून घेणारा जगातला पहिला प्रदेश असं नाव कमावलं. खाण्यात नारळ, मासे, नीरफणस आणि आपल्या अळकुडीच्या दांडग्या भावासारखा ‘पुलाका’ नावाचा कंद. माडाची पोय छेदून काढलेला गोड रस ‘कालेवे’ म्हणजे थेट आपली नीरा. फक्त दादर स्टेशनबाहेरचा स्टॉल नाही, एवढंच.

आपण की आम्ही?

तिसऱ्या दिवशी सकाळी गावात एकदम धावपळ. मासेमारीच्या होड्या भरभरून आल्या होत्या. सगळे मासे किनाऱ्याजवळ जमिनीवर ओळीने मांडले गेले. मला वाटलं, आता लिलाव होणार. ससून डॉकवर वाढलेला मेंदू, दुसरं काय सुचणार!

लिलाव नव्हता. तो होता ‘इनाती’. गावाने मिळून पकडलेले मासे गावातल्या प्रत्येक घराला, घरातली माणसं मोजून, वाटायचे. कोण मासेमारीला गेलं, कोण गेलं नाही, कोण म्हातारं, कोण आजारी, हा हिशोबच नाही. वाटप करणारी ठरलेली मंडळी असतात. कुठल्या घरात किती डोकी, हे त्यांना तोंडपाठ. कासव किंवा तलवारीसारख्या चोचीचा मोठा मासा एकट्याने जरी पकडला, तरी जुन्या रिवाजाप्रमाणे तो पकडणाऱ्याचा नसतो, गावाचा असतो. पोरं टोपल्या, बादल्या घेऊन येतात आणि आपापला वाटा घरी नेतात. आमच्या घरचा वाटा आला तेव्हा मी बघतच राहिले. यजमीणबाई म्हणाल्या, “बघतेस काय? तुझंही डोकं मोजलंय त्यात.”

त्या संध्याकाळी बाईंनी मला व्याकरणाचा धडा दिला. टोकेलाऊमध्ये ‘आपण’ वेगळं आणि ‘आम्ही’ वेगळं. ‘तातोउ’ म्हणजे आपण सगळे, ऐकणाराही त्यात आला. ‘मातोउ’ म्हणजे आम्ही, तू सोडून. मी एकदम ओरडलेच, “आमच्याकडेही आहे हे!”

खरंच, विचार करा. ऑफिसात कुणी “आम्ही लंचला चाललोय” म्हणालं तर तुम्ही निमूट स्क्रीनकडे बघता. “आपण लंचला जाऊ” म्हणालं की डबा उचलता. इंग्रजीच्या ‘वी’ला हे जमत नाही, हिंदीच्या ‘हम’लाही नाही. मराठीला जमतं. टोकेलाऊची भाषा त्याच्याही पुढे जाते. दोघांसाठी वेगळे शब्द! ‘ताउआ’ म्हणजे तू आणि मी, ‘माउआ’ म्हणजे मी आणि आणखी कुणीतरी, तू नव्हेस. संस्कृतचं द्विवचन परीक्षेपुरतं पाठ करून विसरलेल्या माझ्यासारखीला इथे ते रोज गप्पांत भेटत होतं.

‘माझं’ म्हणायच्याही दोन तऱ्हा. आईवडील, घर, होडी यांच्यासाठी ‘तोकू’. पोटची मुलं, हाताने केलेल्या वस्तू यांच्यासाठी ‘ताकू’. ढोबळमानाने सांगायचं तर जे आपल्याला लाभतं, जे आपल्याला सांभाळतं ते ‘तोकू’, आणि जे आपल्या हातून घडतं ते ‘ताकू’. होडी लाकडाची वस्तू असूनही ती ‘तोकू’मध्ये का, हे त्या समुद्रात एकदा बसलं की विचारावं लागत नाही. ‘वाका’ ही इथली पारंपरिक होडी २००९ पासून टोकेलाऊच्या झेंड्यावर आहे. कोळी सोबत ‘तुलुमा’ नावाचा लाकडी डबा नेतात. गळ वगैरे आत, वर घट्ट झाकण. होडी उलटली तरी डबा बुडत नाही, आतलं भिजतही नाही.

मोठ्या बहिणीच्या सावलीत

या भाषेच्या वाट्याला आलेला इतिहास मात्र गोड नाही. १८६३ मध्ये पेरूहून गुलाम पकडणारी जहाजं आली आणि अडीचशेच्या आसपास माणसं उचलून घेऊन गेली. मागे उरली ती लोकसंख्येची निम्मी-अर्धी. बहुतेक जण परत आलेच नाहीत. एवढ्याशा भाषेच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको.

त्याच सुमारास ख्रिस्ती धर्म आला, तो सामोआमार्गे. अताफू प्रोटेस्टंट झालं, नुकुनोनू कॅथलिक, फाकाओफोत दोन्ही. बायबल सामोअन, प्रार्थना सामोअन, अक्षरओळख सामोअन. सामोअन ही टोकेलाऊच्या भाषेची नात्याने मोठी बहीण, बोलणारे कितीतरी पट जास्त. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या देवाशी बोलायचं ते सामोअनमध्ये आणि मासे वाटायचे ते टोकेलाऊमध्ये, अशी वाटणी झाली. या भाषेचा स्वतःचा मोठा शब्दकोश छापला गेला तो थेट १९८६ मध्ये. बाईंच्या घरी त्याची एक प्रत आहे. बाईंड निघालेलं, पानं समुद्राच्या हवेने फुगलेली. शाळेत शिकवताना त्या त्यातूनच शब्द काढायच्या.

आज बेटांवरच्या शाळेत मुलं टोकेलाऊ आणि इंग्रजी, दोन्हींत शिकतात. रस्त्यावर, चर्चबाहेर, मॅच खेळताना (हो, इथेही क्रिकेट आहे, ‘किलिकिटी’ म्हणतात आणि एका टीममध्ये अख्खी आळी खेळू शकते!) तीच भाषा कानावर पडते. मग प्रश्न कुठे आहे? तो बोटीत बसून निघून गेलाय.

वेलिंग्टनची लोकल

१९६६ मध्ये टोकेलाऊला चक्रीवादळाने झोडपलं. त्याच सुमारास न्यूझीलंड सरकारने बेटांवरची गर्दी कमी करायला कुटुंबांना आपल्याकडे वसवायची योजना आखली. माणसं गेली, मग त्यांच्या मागे भावंडं गेली, मग भाचे-पुतणे. २०१८ च्या जनगणनेत न्यूझीलंडमध्ये स्वतःला टोकेलाऊवंशीय म्हणवणारे ८,६७६ जण निघाले. म्हणजे बेटावरच्या एका माणसामागे बाहेर पाच. आणि या बाहेरच्यांत भाषा बोलता येणाऱ्यांचं प्रमाण एक-तृतीयांशापेक्षाही कमी.

परतीच्या प्रवासात मला ऑकलंडहून विमान बदलायचं होतं. कॉलेजची एक मैत्रीण वेलिंग्टनला आयटीत आहे. “अगं, इतक्या लांब आलीयस तर चार दिवस ये की,” म्हणाली. गेले. योगायोग असा की न्यूझीलंडमधला टोकेलाऊ भाषा सप्ताह नेमका ऑक्टोबरच्या अखेरीस असतो. मग शनिवारी दोघी लोकल पकडून निघालो. पोरिरुआ, वेलिंग्टनपासून वीसेक मिनिटं. टेकडीच्या उतारावर बैठी घरं, प्रत्येकापुढे गाडी, बोचरा वारा. वारा बघून मला हसू आलं, कारण ‘टोकेलाऊ’ या शब्दाचा अर्थच मुळी उत्तरेचा वारा.

समाजाचा हॉल गच्च भरला होता. बायकांच्या केसांत फुलं, पुरुषांच्या अंगात रंगीबेरंगी शर्ट, मागच्या बाजूला भाताचे नि माशांचे ट्रे. मग ‘फातेले’ सुरू झालं. हा इथला समूहनाच. मधोमध लाकडी खोका आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा, त्यावर पुरुष ठेका धरतात. गाणं तेच, पण दर वेळी लय वाढत जाते, वाढत जाते आणि एका क्षणी धाडकन थांबते. आपल्या ढोल-ताशात वाढलेल्या माणसाने स्वतःला आवरायचं तरी कसं? मैत्रिणीने बाकावर बोटं बडवायला कधी सुरुवात केली, तिचं तिलाच कळलं नाही.

शेजारी बसलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला विचारलं, गाण्याचा अर्थ काय? ती ओशाळली. शब्द सगळे पाठ होते, हात अचूक चालत होते, अर्थ अर्धामुर्धाच माहीत. घरी आजी टोकेलाऊत बोलते, ही इंग्रजीत उत्तर देते. “मला कळतं सगळं, बोलताना जीभ अडते,” म्हणाली. माझ्या मैत्रिणीने खिडकीबाहेर बघितलं. तिची चार वर्षांची लेक आज्जीशी व्हिडिओ कॉलवर अगदी असंच वागते.

अशी भाषा जगाला ऐकवायचं काम कुणी केलं असेल, तर ते गाण्यांनी. टोकेलाऊ-टुवालू वंशाचा ओपेताइया फोआई आणि त्याचा ‘ते वाका’ हा बँड वर्षानुवर्षं टोकेलाऊत गात आले. २०१६ मध्ये डिस्नेचा ‘मोआना’ आला आणि त्यातल्या त्याच्या गाण्यांमुळे या भाषेचे शब्द जगभरातल्या मल्टिप्लेक्समध्ये घुमले. पॉपकॉर्न खाताना तुम्हीही ते ऐकलेत, फक्त नाव माहीत नव्हतं.

सोळा मतं

या सगळ्यात एक मोठा तिढा आहे आणि तो पुन्हा ‘आपण’वर येऊन अडतो.

फेब्रुवारी २००६ मध्ये टोकेलाऊत सार्वमत झालं. न्यूझीलंडशी नातं ठेवायचं, पण कारभार स्वतःचा स्वतः करायचा का? हो म्हणायला दोन-तृतीयांश मतं हवी होती. पडली ६० टक्के. ऑक्टोबर २००७ मध्ये पुन्हा मतदान. या वेळी ६४.४ टक्के. अवघी सोळा मतं कमी! एखाद्या सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा याहून जास्त फरक पडतो.

मतदान बेटांवरच्या लोकांचं. पोरिरुआतल्या, हट व्हॅलीतल्या हजारो लोकांना त्यात मत नव्हतं. बेटांवरच्यांचं म्हणणं, पावसाचं पाणी साठवून आम्ही इथे राहतो, निर्णयही आम्हीच घ्यायचा. बाहेरच्यांचं म्हणणं, जमीन आमचीही आहे, घरी पैसे आम्ही पाठवतो, मग आम्ही कोण? दोन्ही बाजूंना उत्तर द्यायला जावं, तर आधी ठरवायला लागतं की ‘तातोउ’ म्हणायचं की ‘मातोउ’.

नुकुनोनूच्या बाईंना मी हे विचारलं होतं. त्यांची तीन मुलं न्यूझीलंडमध्ये, एक ऑस्ट्रेलियात. त्या म्हणाल्या, “मासे वाटताना आम्ही घरात असलेली डोकी मोजतो. गेलेल्यांची मोजत नाही. पण माझी मुलगी दोन वर्षांनी आली ना, की त्याच दिवसापासून तिचा वाटा सुरू.” थोडं थांबून म्हणाल्या, “फक्त तिला तो मागता यायला हवा. आमच्या भाषेत.”

समुद्र चढतोय, हे त्यांना माहीत आहे. पाच मीटरच्या जमिनीवर राहणाऱ्याला ते कुणी सांगावं लागत नाही. पुढेमागे बेटं सोडायची वेळ आलीच, तर जमीन सोबत नेता येणार नाही, माड नेता येणार नाहीत. भाषा नेता येते. ती तुलुमासारखी आहे, पण झाकण नीट बसलेलं हवं.

हॉलमधल्या कार्यक्रमाचं आभारप्रदर्शन एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडे होतं. कागदावर लिहून आणलेलं, हात थरथरत होते. “आम्ही सगळे आज इथे जमलो,” असं काहीसं तो टोकेलाऊत म्हणाला. ‘मातोउ’. पुढच्या रांगेतून तीन-चार आज्या एकदम गरजल्या, “तातोउ!” अख्खा हॉल हसला. आम्ही दोन परक्या मुली मागे बसलो होतो, हे त्यांच्या लक्षात होतं. मुलगा लाजला, कान लाल झाले, त्याने दुरुस्ती केली. आणि पुढचं वाक्य इंग्रजीत बोलला.

जायचंय?

कसं जाल : मुंबईहून ऑकलंड किंवा फिजीमार्गे आपिया (सामोआ), तिथून बोट. परवानगी आणि परतीची जागा, दोन्ही आधी पक्की करा. सुट्टी मात्र सढळ हाताने काढा. बोट तुमच्या बॉसचं ऐकत नाही.

कधी : नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा काळ, तो टाळलेला बरा.

काय न्याल : न्यूझीलंड डॉलर रोख, कारण बँक नाही, एटीएम नाही. उलटीच्या गोळ्या. गुडघ्याखाली येणारे कपडे. गावात शॉर्ट्स-बिकिनी चालत नाही.

रविवार : सक्तीची विश्रांती. चर्च, जेवण, झोप.

घड्याळ : भारताच्या साडेसात तास पुढे. २०११ च्या डिसेंबरात सामोआबरोबर टोकेलाऊनेही तारीखरेषा ओलांडली आणि ३० डिसेंबर हा दिवस कॅलेंडरमधून सरळ गाळून टाकला.

तीन शब्द पाठ करा : ‘मालो नी’ (नमस्कार), ‘फाकाफेताई’ (आभारी आहे), ‘तोफा’ (येते हं).